आईला घेऊन कळसूबाई : सोलापुरातून जायचं तर कधी, कसं आणि चढ किती?

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६२. चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता घरीच असते. दर कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर चालत जाते, अकरा वर्षांत एकदाही खंड नाही. गेल्या महिन्यात भाचीनं तिला मोबाईलवर कळसूबाईचा व्हिडिओ दाखवला. नऊवारी नेसलेल्या बायका लोखंडी शिडी चढत होत्या. तेव्हापासून एकच धोशा लावलाय, "मला एकदा तिथं ने. महाराष्ट्राच्या डोक्यावर उभं राहून बघायचंय."

आमच्या घरात चढ म्हणजे तुळजापूरचा घाट, त्यापुढं कुणाचा अनुभव नाही. मी कॉलेजात असताना एकदा सिंहगड चढलोय, तेवढंच. आई चालायला खमकी आहे, पण जन्मभर मांडी घालून बसायचं काम केल्यानं गुडघे कुरकुरतात. तिची इच्छा नवरात्रात जायची आहे. न्यावं का? शिड्या तिला जमतील का? जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा. नको म्हणायचं असेल तर तेही स्पष्ट सांगा.

शेंगाचटणी

न्या की बिनधास्त! काकू सोलापूर-तुळजापूर चालतात म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर झाले. कळसूबाई एका बाजूनं सहा-साडेसहा किलोमीटर आहे फक्त. आम्ही चौघं मित्र गेलो होतो, तीन तासांत वर. सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर आहे, १६४६ मीटर. वर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. आणि तिथून जे पाणी खाली उतरतं तेच पुढं भीमेतून उजनीला येतं, म्हणजे आपल्या नळाचं पाणी.

काळी_माती

बाळीवेसकर, आईंना आधी नमस्कार सांगा. अकरा वर्षं सलग तुळजापूर ही साधी गोष्ट नाही.

शेंगाचटणी, १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट, हा आकडा बरोबर आहे. दोन गोष्टी मात्र दुरुस्त करतो. मी भूगोल शिकवतो आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांत या दोन्ही चुका दरवर्षी येतात.

पहिली गोष्ट. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर आहे, संपूर्ण सह्याद्रीतलं नव्हे. पश्चिम घाटाची रांग धरली तर सर्वांत उंच अनैमुडी, केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, २६९५ मीटर. निलगिरीतलं दोडाबेट्टा २६३७ मीटर. शेजारच्या कर्नाटकातलं मुळ्ळय्यनगिरीसुद्धा १९०० च्या वर जातं. पण यात कमीपणा वाटायचं कारण नाही, कारण खडकच वेगळा आहे. अनैमुडीकडचे डोंगर अतिप्राचीन कठीण खडकांचे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून आपल्याकडे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एकसंध, जाड थर असेल तिथं उभा कडा राहतो. दोन थरांच्या मधला भुसभुशीत, छिद्राछिद्रांचा भाग झिजतो तिथं सपाटी तयार होते. कळसूबाईच्या वाटेवर शिडी, मग सपाटी, मग पुन्हा शिडी अशी जी गत आहे ती यामुळेच. आई शिडी चढतील तेव्हा त्या एका लाव्ह्याच्या थरावरून दुसऱ्या थरावर चढत असतील, हे त्यांना नक्की सांगा.

भूशास्त्रज्ञ दख्खनच्या या थरांचे तीन मोठे गट करतात : कळसूबाई, लोणावळा आणि वाई. सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत जुना गट कळसूबाईचा. आपल्या सोलापूरकडे पृष्ठभागावर दिसतात ते वरचे, नंतरचे थर. म्हणजे १६४६ मीटरवरचा तो खडक आपल्या साडेचारशे मीटरवरच्या खडकापेक्षा जुना आहे. मला स्वतःला ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा मी बराच वेळ नकाशा समोर घेऊन बसलो होतो. आपल्या रानातली काळी माती याच खडकाची झीज. नातं आहे ते असं, मातीचं.

पाण्याचं मात्र नाही, ही दुसरी दुरुस्ती. कळसूबाईची रांग मुख्य सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेली आहे. तिच्या दक्षिणेचं पाणी प्रवरेला मिळतं, उत्तरेचं दारणेला. दोन्ही नद्या गोदावरीच्या, म्हणजे ते पाणी शेवटी पैठणच्या जायकवाडीत जातं. उजनी भरते ती भीमेवर, आणि भीमा उगम पावते भीमाशंकरला. या दोन खोऱ्यांमधला बांध म्हणजे हरिश्चंद्रगडापासून निघालेली हरिश्चंद्र-बालाघाट रांग. तीच रांग उतरत उतरत आपल्या बार्शीच्या अंगाला, येडशी-रामलिंगला, तुळजापूरला येते. म्हणजे आई दर कोजागिरीला ज्या घाटावर चढतात तो कळसूबाईच्या शेजारच्या डोंगराचाच शेंडा आहे.

बार्शीची_ताई

काळी_माती सर, हे वाचून फार बरं वाटलं. रामलिंगला लहानपणापासून जातेय, पण ही रांग थेट हरिश्चंद्रगडापासून येते हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाळीवेसकर दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं मोकळेपणानं लिहिते. तुळजापूरची वारी आणि कळसूबाई यांची तुलना किलोमीटरवर करू नका. तुळजापूरचा रस्ता बहुतेक सपाट आहे, शेवटचा घाट सोडला तर. कळसूबाईला बारी गावापासून आठ-नऊशे मीटर उंची चढायची असते. आपल्या साध्या इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरा. म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे मजले झाले, आणि तेवढेच उतरायचे.

चढताना धाप लागते, ती थांबलं की जाते. गुडघ्याचा प्रश्न उतरताना. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत अख्ख्या शरीराचं वजन तोलतो. तो स्नायू दमला की सगळा भार वाटीवर येतो. आपल्याकडच्या बायकांना चालायची सवय दांडगी असते, उतरायची नसते. कारण सोलापुरात उतरायला आहे काय? तर सराव उतरण्याचा करा. चार मजल्यांची इमारत बघा, सावकाश चढा, सावकाश उतरा. सुरुवातीला दोन फेऱ्या, दर आठवड्याला एक-दोन वाढवा. दोन महिने हवेत. नवरात्र आलंच आहे, तेव्हा यंदा नवरात्रात नको. आणि निघण्याआधी एकदा गुडघे दाखवून घ्या. सूज असेल, जिना उतरताना मध्येच पाय लचकत असेल, तर बेत पुढं ढकला.

पार्कचौक

नवरात्राचं म्हणाल तर मीही नकोच म्हणेन, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर मुळीच नको.

मी एका ग्रुपबरोबर जुलैमध्ये गेलो होतो. बस भरून माणसं, वाटाड्या एकच. ढगात शिरल्यावर पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. शिडीखाली रांग लागली आणि वरून उतरणारे, खालून चढणारे एकाच शिडीवर समोरासमोर आले. पावसात तासाहून जास्त वेळ कठड्याला धरून उभे होतो. माझ्या पुढं एक मुलगी थंडीनं थरथरत होती. तिला रेनकोटसुद्धा कुणी आणायला सांगितला नव्हता. ग्रुपवाल्यांना विचारलं तर म्हणाले, सगळे असेच येतात. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही हे नशीब. घरच्या वयस्कर माणसाला अशा दिवशी नेऊ नका, हात जोडून सांगतो.

भटक्या_राजूर

मी राजूरचा, नोकरीमुळं सात वर्षं सोलापुरात आहे. बारीत आमचे पाहुणे आहेत, त्यामुळं हा डोंगर लहानपणापासून पायाखालचा. जरा सविस्तर लिहितो.

बारी हे घोटी-भंडारदरा रस्त्यावरचं गाव, अकोले तालुक्यात. डोंगराच्या पलीकडं नाशिकचा इगतपुरी तालुका सुरू होतो. गाडीनं यायचं तर टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर, बारी. चारशे किलोमीटरच्या आसपास, थांबत थांबत नऊ तास धरा. रेल्वेनं यायचं तर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी कल्याणला उतरा, तिथून कसाऱ्याची लोकल, पुढं इगतपुरी-घोटीकडून जीप. आई बरोबर असतील तर गाडीच बरी. रात्रीचा मुक्काम बारीतच करा. घराघरांत राहायची-जेवायची सोय होते. त्याच दिवशी प्रवास करून चढायला लागू नका.

वाट अशी. गावातून निघालं की आधी भातखाचरं. ओढा ओलांडला की चढ लागतो, थोडं वर एक छोटं देऊळ आहे. बरेच लोक तिथंच नारळ ठेवतात. पहिला तास-दीड तास दगडगोट्यांची आणि पायऱ्यांची वाट. नवख्याची सगळी ताकद इथंच जाते, कारण सकाळच्या उत्साहात माणूस पळतो. आईंना इथं मुद्दाम हळू चालवा. पुढं कातळ आला की शिड्या सुरू होतात. शिड्या पक्क्या आहेत, बाजूला धरायला कठडा आहे. शिड्या नव्हत्या तेव्हा आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका साखळीला धरून, कातळात खोदलेल्या खोबणीत पाय ठेवून चढायच्या. त्या खोबण्या अजून दिसतात.

शेवटच्या शिडीआधी एक सपाटी आहे, तिथं विहीर आहे. एवढ्या उंचीवर पाणी कसं, म्हणून सगळ्यांना नवल वाटतं. वरच्या थरातून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं, सरांनी लिहिलेलं तेच. विहिरीच्या पुढं शेवटची मोठी शिडी आणि मग माथा. माथ्यावर लहानसं देऊळ आणि चारी बाजूंना आकाश. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, त्यामागं रतनगड, हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीनं. हिवाळ्यात फारच लख्ख दिवस मिळाला तर उत्तरेला लांबवर सातमाळ्याची रांग दिसते.

पाऊस किती, याचा अंदाज सोलापुरात बसून येत नाही. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला की चांगलं साल म्हणतो. घाटघर-रतनवाडीकडे चार हजारांच्या पुढं पडतो. म्हणून ऑक्टोबरपर्यंत कातळ ओला, शेवाळलेला असतो. आईंना न्यायला डिसेंबर उत्तम. आठवड्यातला मधला वार धरा.

आणि देवीची गोष्ट आईंना सांगा. आमच्याकडं सांगतात, कळसू ही महादेव कोळ्यांची मुलगी, पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितलं. तिनं ते केलं, पण मग घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. जिथं तिनं भांडी घासली ते थाळेमेळ, जिथं केर काढला तो काळदरा. आमच्या बायका नवरात्रात वर जातात ते या कळसूच्या भेटीला.

बाळीवेसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कळसूची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "शब्द पाळला नाही म्हणून गेली ती. बरोबर केलं." नवरात्राचा हट्ट सोडलाय. समोरच्या अपार्टमेंटच्या वॉचमनशी बोलून जिना मिळवलाय, उद्यापासून दोन फेऱ्या. डिसेंबरमध्ये जाऊ.

शेंगाचटणी

सर, अनैमुडीचं आणि उजनीचं लक्षात ठेवतो. बाळीवेसकर, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा. चार दिवस काही होत नाही त्याला. आणि एक जाड चादर. डिसेंबरात तिथं सोलापूरसारखी थंडी नसते.

काळी_माती

चादरीला दुजोरा. हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सोलापूर आणि माथा यांत बाराशे मीटरचा फरक, म्हणजे सात-आठ अंश गेलेच, वर वारा वेगळा.

बाळीवेसकर

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितोय.

बुधवारी पहाटे निघून संध्याकाळी बारीत पोचलो. राजूरकरांनी सांगितलेल्या घरी उतरलो. त्या घरच्या मावशींनी नाचणीची भाकरी वाढली, आईनं त्यांना आपली कडक भाकरी आणि चटणी दिली. दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो, मावशींचा मुलगा बरोबर. खाचरांच्या बांधावर दव होतं, आईचे नवे कॅनव्हासचे बूट पहिल्या दहा मिनिटांत ओले. पहिल्या चढाला ती दर वीस-पंचवीस पावलांवर थांबत होती. मी घड्याळ बघत होतो, ती मागं वळून गाव बघत होती. सूर्य वर आला तसं समोर खालच्या रानावर ऊन पसरायला लागलं. तिनं मला हात धरून ते दाखवलं.

पहिल्या शिडीपाशी ती थोडी घाबरली. लोखंड बर्फासारखं गार होतं. तिनं पदराचं टोक तळहाताला गुंडाळलं, कठडा धरला आणि आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, असं करत चढली. मी एक पायरी मागं. वर पोचल्यावर तिनं शिडीला हात लावून नमस्कार केला. मी तिला सरांचं वाक्य सांगितलं, की तू आता एका थरावरून दुसऱ्या थरावर आलीस. त्यानंतर प्रत्येक शिडी संपली की विचारायची, "हा कितवा रे?"

सव्वादहाला विहिरीशी पोचलो. सव्वाचार तास. शेवटची शिडी समोर, रिकामी, वर देवळाचा झेंडा दिसत होता. आई विहिरीच्या कडेला बसली, पाणी प्यायली, गुडघ्यांवरून हात फिरवला. उजवा थरथरत होता, मला दिसत होता. मी म्हटलं, दहा मिनिटं बस, मग जाऊ. ती म्हणाली, "मी वर येईन. पण मग खाली मला तू उतरवशील. ते नको." बार्शीच्या ताईंनी लिहिलेलं तिला मी इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की तिचं तिनंच गणित केलं होतं. मी आग्रह करायला लागलो तेव्हा म्हणाली, "पंढरीला आत जाता आलं नाही तर कळस बघून येतोच की आपण. दिसतंय मला." आणि ओटीची पिशवी माझ्या हातात दिली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड.

मी एकटा वर गेलो. ओटी ठेवली. भंडारदऱ्याचं पाणी दिसलं, अलंग-मदन-कुलंग दिसले. पण खरं सांगतो, मी जास्त वेळ खाली विहिरीकडेच बघत होतो. हिरव्या लुगड्याचा तेवढा ठिपका. खाली येऊन तिला कुंकू लावलं तेव्हा तिनं विचारलं, "काय काय दिसलं?" मग एक एक करून सगळं सांगितलं.

उतरायला पावणेपाच तास लागले, चढण्यापेक्षा जास्त. ताई, तुमचा शब्दन् शब्द खरा निघाला. शिडीवर तोंड शिडीकडे करून उतरली. शेवटच्या तासात तिची काठी आणि माझा खांदा, दोन्ही लागले. वर गेली असती तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. दोन दिवस गुडघ्यांना सूज होती, आता ठीक आहे.

बार्शीची_ताई

दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. काकूंनी विहिरीशी जो निर्णय घेतला तो भल्याभल्या ट्रेकर मुलांना घेता येत नाही. सूज उतरली असेल तर जिना बंद करू नका, एकेका फेरीनं पुन्हा सुरू करा.

बाळीवेसकर

सुरू केलाय. सोमवारपासून तिनंच. मला म्हणाली, "एकच शिडी राहिलीय."

वळसंगची_सून

धागा आजच वाचला. माझ्या सासूबाई ५८ च्या आहेत, त्यांनाही न्यायचं मनात आहे. काकू नऊवारी नेसून गेल्या का? आमच्या सासूबाई पाचवारी नेसतात, पंजाबी ड्रेस घालायला तयार नाहीत.

बाळीवेसकर

ताई, आई एरवी पाचवारीच नेसते. बारीच्या मावशींनी पाचवारी बघून आदल्या रात्रीच नको म्हणून सांगितलं, कारण निऱ्यांचा घोळ पुढं लोंबतो आणि शिडी चढताना स्वतःचाच पाय त्यावर पडतो. त्यांनी स्वतःचं लुगडं दिलं आणि पहाटे काष्टा घालून नेसवलं, घोट्याच्या वर. तुमच्या सासूबाईंना नऊवारीची सवय नसेल तर घरी नेसून जिन्यावर आठ-दहा दिवस चढ-उतार करू द्या, मगच निघा.